‘कोमट’ बिअरबद्दल थोडं सविस्तर

नमस्कार.

शेफील्डच्या पबांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “कोमट, बिनफेसाची बिअर पिऊन तिच्यावर पानंच्या पानं लिहायची, हे तुम्हालाच जमतं. ‘लिमिटेड’ची चिठ्ठी लावली की दुप्पट भाव, आणि तुमच्यासारखे लोक तो देतात. त्यापेक्षा आमच्या पुण्यात टाकीतली ताजी, गार बिअर मिळते, ती काय वाईट?” टोमणा आवडला. पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सोडवून बोलू.

पिंपातली एल, म्हणजे ब्रिटिश पबांतली पारंपरिक बिअर, ११ ते १३ अंशांना देतात. म्हणजे तळघरात असते तशी. नळाचं पाणी एवढं गार आलं तर आपण आंघोळ टाळू, कोमट म्हणणार नाही. फ्रीजमधल्या बाटलीची सवय असलेल्या जिभेला ती कोमट लागते, इतकंच. मे महिन्यात पुण्यात मीही गारच मागेन, त्यात वाद नाही. पण या एल बहुतेक पावणेचार ते साडेचार टक्क्यांच्या, हलक्या. त्यांच्यात मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) बिस्किटासारखी चव आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) मंद, कडवट वास असतो. बर्फगार केली की आधी तेच जातं आणि उरतं ते कडू पाणी.

फेसाचं म्हणाल तर तुम्ही बहुधा लंडनमध्ये प्यायला असाल. इकडे उत्तरेत, आमच्या यॉर्कशरमध्ये, नळीच्या तोंडाला बारीक भोकांची एक चकती लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. तिच्यातून आलेल्या ग्लासावर सायीसारखा जाड फेस बसतो. दक्षिणेकडचे म्हणतात, यानं बिअरचा जीव जातो. उत्तरेकडचे म्हणतात, तुमची दिसतेच मेलेली. हे भांडण मिटणार नाही आणि मिटूही नये.

आता ‘लिमिटेड’. पिंपातली एल मर्यादित असते ती कोणी ठरवलं म्हणून नाही, तर ती नासते म्हणून. ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, ती अर्धवटच निघते. न गाळलेली, न पाश्चराइज केलेली, आत यीस्ट जिवंत. उरलेलं आंबणं पबच्या तळघरात होतं. एका पबमालकाने मला खाली नेऊन दाखवलं. पिंप आडवं, दोन्हीकडून ठोकळे लावून पक्कं केलेलं. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी, आणि तिच्या भोवती तपकिरी फेस बुडबुडत होता. जास्तीचा वायू तिथून जाऊ द्यायचा. बुडबुडे मंदावले की ती काढून कठीण लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. घाई केली तर ग्लासात नुसता फेस, उशीर केला तर बिअर सपक. तो दिवसातून दोनदा चमच्याएवढी बिअर काढून चाखतो. घड्याळ बघत नाही.

गाळ खाली बसावा म्हणून पिंपात माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास घालायची जुनी रीत आहे. पालघरकडे घोळ माशाच्या पोटातल्या ज्या पिशवीला लाखांचा भाव येतो, तसलीच चीज. (शाकाहारी मंडळींनी पबमध्ये विचारून घ्यावं. हल्ली बरेच जण ते न घालता गढूळच देतात.)

नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंटांचं (पाइंट म्हणजे साधारण ५६८ मिली). तोटी ठोकून विक्री सुरू झाली की जितकी बिअर बाहेर येते तितकी हवा आत जाते आणि तीनेक दिवसांत चव उतरायला लागते. तेवढ्यात ७२ पाइंट खपले नाहीत तर नुकसान पबवाल्याचं. १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅमरा’ ही पिंपातली एल वाचवण्याची चळवळ सुरू केली ती अशी एल नाहीशी होईल या धास्तीने. मोठ्या कंपन्यांना ही कटकट नको होती आणि त्या सगळीकडे पाश्चराइज केलेली, वायू भरलेली केग बिअर आणत होत्या. दुप्पट भावाचं म्हणाल तर पिंपातल्या एलबाबत उलटंच आहे. त्याच बारमध्ये हातपंपाने पिंपातून काढलेली एल बहुधा फॅन्सी केगपेक्षा स्वस्त असते.

दुसरी मर्यादा भांड्यांची. इंग्लंडमधल्या बर्टन या बिअरच्या गावात ‘युनियन’ नावाची आंबवण्याची पद्धत होती. ओळीने लाकडी पिंपं, त्यांच्यातून वर चढणाऱ्या वाकड्या नळ्या आणि वर एक लांब पन्हळ. आंबताना यीस्टचा फेस नळीतून पन्हळीत चढतो आणि बिअर खाली परत येते. मार्स्टन्स ब्रुअरीकडे ही शेवटची उरली होती. २०२४ साली तीही बंद करायचं ठरलं, तेव्हा त्यातला एक संच आमच्या शेजारच्या बेकवेलमधल्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने वाचवून नेला आणि त्यावर आधी आपली ५.९ टक्क्यांची ‘जयपूर’ नावाची बिअर केली. (बर्टनची बिअर जहाजाने मुंबई-कलकत्त्याला जायची. जयपूरला कुठलं जहाज लागणार होतं देव जाणे, पण नाव छान आहे.) त्या पिंपांत मावेल तेवढीच ती होणार. असली ‘लिमिटेड’ मी रांग लावून घेईन.

लंडनच्या फुलर्स ब्रुअरीची ‘व्हिंटेज एल’ही मला मान्य आहे. १९९७पासून वर्षातून एकदा निघते, साडेआठ टक्के, बाटलीत यीस्टसकट. ताजी असताना संत्र्याच्या मुरंब्याकडे झुकते आणि वर्षानुवर्षं ठेवली की खजूर-मनुकांकडे. तीही जपून, थोडी थोडी प्यायची.

तुमचा राग खरा लागतो तो बिअरच्या डब्यांना (कॅनना). दर आठवड्याला नवं चित्र, नवं नाव, आत तीच धूसर, आंब्याच्या रसासारखी वास मारणारी आयपीए (भरपूर हॉप्सची एल). मी विकत घेतलेल्या एका डब्यावर ‘पुन्हा कधीच नाही’ लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात तीच बिअर दुसऱ्या नावाने आली. ब्रुअरीचं नाव सांगत नाही, पण इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

पुण्याची बिअर वाईट असं मी कुठेही म्हटलेलं नाही. २००९ मध्ये डूलाली या छोट्या ब्रुअरीने तिथे सुरुवात केली, तेव्हापासून टाकीतली ताजी बिअर पुणेकरांना ठाऊक आहे. फरक एवढाच की टाकीतली बिअर ब्रुअरने पूर्ण करून दिलेली असते. पिंपातली पूर्ण करतो तो तळघरातला माणूस, म्हणून एकाच ब्रुअरीची एकच एल दोन पबांत दोन तऱ्हांची लागते. मी ज्यावर पानं खर्च करतो ते हे.

कधी इकडे आलात तर पूर्ण पाइंट मागू नका. पाइंटचा तिसरा हिस्सा, १८९ मिली, बऱ्याच ठिकाणी मिळतो. एका पाइंटाएवढ्यात तीन चवी होतात आणि डोकंही ठिकाणावर राहतं. आज कुठलं पिंप उघडलंय ते विचारा, तेच घ्या. व्हिनेगरचा वास आला तर संकोच न करता ग्लास परत करा. चांगल्या पबमध्ये ते वाद न घालता बदलून देतात. नाही दिला, तर शेफील्डमध्ये पुढचा पब फार लांब नसतो.