‘650 रुपये घेऊन डायल-अपच दिलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, “शनिवार सांगून सोमवारी आले, 650 रुपये घेतले आणि नेट डायल-अपच्या जमान्यातलंच राहिलं.” दोन दिवस उशीर झाला आणि फोनही केला नाही, ही आमची चूक. ऐन गणपतीत घर माणसांनी भरलेलं असताना तुमची अडचण झाली, माफ करा.

पण ‘डायल-अप’ हा शब्द मनाला लागला. पालशेतपासून वेळणेश्वरपर्यंत लोक आम्हाला फोनची लाइन आणि नेट दुरुस्त करायलाच बोलावतात, हे वाचून उद्या कुणी बोलावणार नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डायल-अप, म्हणजे फोन लावून मिळणारं जुनं नेट, हळू होतं ते तांब्याच्या तारेमुळे नव्हे. त्यात मॉडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारं यंत्र, चक्क फोन लावायचा आणि डेटा बोलण्याच्या वाटेनेच जायचा. ती वाट 300 ते 3400 हर्ट्झची, माणसाच्या आवाजापुरती. डिजिटल एक्स्चेंज तो आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतं, दर वेळी 8 बिट, म्हणजे झाले 64 केबीपीएस (सेकंदाला 64 हजार बिट). मग कितीही महागडा मॉडेम आणा, पुढे जागाच नाही. व्ही.90 प्रकारच्या मॉडेमला कागदावर 56 केबीपीएस मिळायचे, अपलोडला 33.6. लाइनवर खरखर आली की मॉडेम आपणहून वेग उतरवायचा, कॉल वेटिंगची बीप वाजली की कनेक्शनच तुटायचं. हाती यायचे सेकंदाला पाचेक किलोबाइट. मोबाइलमधला 5 एमबीचा एक फोटो उतरायला सतरा मिनिटं!

तुमच्याकडे एडीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरचं ब्रॉडबँड आहे. तार तीच, पण डेटा आवाजाच्या वरून, 25 किलोहर्ट्झपासून 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि एक्स्चेंजमध्ये आवाजापासून वेगळा काढतात. म्हणून तर नेट चालू असताना फोनवर बोलता येतं. याचा शत्रू म्हणजे अंतर. वरची फ्रिक्वेन्सी लांब तारेत विरून जाते. तुमच्या राउटरच्या पानावर लाइन अ‍ॅटेन्युएशन 52 डीबी दिसतं, इतका सिग्नल तारेत विरतो, म्हणजे एक्स्चेंजपासून साधारण पावणेचार किलोमीटर तार. जाहिरातीतले 24 एमबीपीएस (सेकंदाला 24 मेगाबिट) एक्स्चेंजच्या आसपासच्या घरांना. इतक्या लांब चार-पाच मिळाले तर लाइन चांगली म्हणायची.

आम्ही आलो तेव्हा वेग 1.2 एमबीपीएस होता, निघताना 4.1. नॉइज मार्जिन, म्हणजे खरखर सोसायची लाइनची ऐपत, 4 डीबीवरून 8 वर आलं. हे आकडे तुमच्या समोर राउटरवर उघडून दाखवले होते. तोच फोटो आता दहा सेकंदांत उतरतो. याला डायल-अप म्हणायचं?

पडवीच्या वाशाला, कौलांखाली, दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत हिरवा कळंक. खारी हवा आणि पागोळ्यांचं पाणी, दुसरं काय होणार! असल्या सांध्यावर बोलणं कसंबसं चालतं, नेट मात्र सारखं पडतं. तो भाग कापून जेली कनेक्टर (पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेले) घातले. माजघरातला फोन स्प्लिटरशिवाय (आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी) थेट लाइनवर होता, फोन उचलला की नेट जायचं ते त्यामुळे. 650 रुपयांत स्प्लिटर 120, कनेक्टर 30, रोझेट (तार जोडायची भिंतीवरची डबी) 50, 12 मीटर वायर 150 आणि मजुरी 300. एवढ्यात आम्ही काय लुटलं?

माडीवरच्या पॅरलल फोनची (त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनची) तार काढा, निदान त्याला फिल्टर, म्हणजे नेटचा सिग्नल फोनमध्ये जाऊ न देणारी डबी, लावा, हे दोनदा सांगितलं होतं. तुम्हीच “राहू दे” म्हणालात. त्या फाट्यात सिग्नल शिरतो, टोकावरून उलटा फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये घोळ करतो. हे तुमच्या रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

वेळ पाळण्याचं आम्ही मनावर घेतलंय, यापुढे उशीर होणार असेल तर आधी कळवू. विसर्जन झालं की येऊन माडीवरच्या फोनचा फिल्टर फुकट लावून देतो. तोवर एवढं करून बघा: पडवीतल्या रोझेटमधून माडीची तार सोडवा, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि राउटरच्या पानावर डाउनस्ट्रीमचा (डाउनलोडच्या वेगाचा) आकडा वाचा. वाढला नाही तर फोन करा, त्याच दिवशी येतो.