दाब, धर, सोड

लग्नाच्या वेळी पत्रिकेत मंगळ निघाला, तो आम्ही चालवून घेतला. सीबी रेडिओचा उल्लेख कुठेच नव्हता.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. मंडळातले इतर नवरे सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळतात, नाहीतर शेअर बाजारावर बोलतात. माझा नवरा तळघरात रेडिओ उघडून बसतो. आणि हा गाणी-बातम्यांचा रेडिओ नव्हे. सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड : ट्रक ड्रायव्हरच्या डोक्याशी टांगलेला, गुंडाळीच्या वायरला माइक असलेला, ऐकायचा तसा बोलायचाही. ताकद चार वॉट. आमच्या देव्हाऱ्यातला बल्ब पाचचा आहे.

१९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं, पाठोपाठ ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे एकमेकांना कळवायला ट्रकवाले सीबीवर बोलू लागले. मग सगळ्या देशालाच वेड लागलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने बोलायच्या. तेव्हा चॅनल होते २३. गर्दी आवरेना, म्हणून १ जानेवारी १९७७पासून ४० केले आणि २३वाले सेट दुकानांत मातीमोल झाले. पुढे त्यांचं काय झालं, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर ते आमच्याकडे आहेत. माझी लोणच्याची बरणी आता जिन्यात असते.

खरेदीचा हंगाम मे महिन्यात. झीनिया गावी हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांची जत्रा भरते, हॅमव्हेन्शन. पण तिथे सीबी मागताना नवरा आवाज खाली आणतो. कारण ११ मीटरचा हा पट्टा मुळात हॅमवाल्यांचा. १९५८ साली सरकारने तो काढून सीबीवाल्यांना दिला. बांध कोरणाऱ्या चुलतभावाकडे गावाकडे जसं बघतात, अगदी तसं तिथले काही आजोबा आमच्याकडे बघतात. मग टेबलाखालून एक धुळकट खोका निघतो, दोन्हीकडून कुजबुज होते, आणि ‘ब्राउनिंग गोल्डन ईगल’ आमच्या गाडीत येतो. व्हॉल्व्हचा सेट, दोन वेगळे डबे : एक फक्त ऐकायचा, एक फक्त बोलायचा. नवऱ्यात असं मॉडेल मिळत असतं तर मी पहिला डबा घेतला असता.

खोका घरी आला की ट्यूनिंग. आत कॉइलींमध्ये फेराइटचे नाजूक गाभे असतात. ते प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचे; लोखंडी लावला तर माप चुकतं, वर गाभा तडकतो. सूर जमला की हलू नयेत म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका. कुणाचं, ते विचारू नका. दिवाळीत माझी नखं कोरी होती आणि एका जॉन्सन मेसेंजर सेटच्या पोटात लाल ठिपके होते.

पण खरी साडेसाती अँटेनाची. अँटेनाची लांबी जुळली नाही तर पाठवलेली ताकद उलटी रेडिओत येते. ती मोजायला एसडब्ल्यूआर मीटर. दीडच्या आत उत्तम, तीनच्या वर गेला तर ट्रान्झिस्टर जळायची भीती. मीटर गाडीत, अँटेना गाडीवर आणि गाडीत मी. दारं बंद हवीत, कारण उघड्या दाराने आकडा बदलतो. गॅरेजमध्ये चालत नाही, उघड्यावरच हवं. जुलैचं ऊन. एसी बंद, कारण इंजिनाची खरखर नको. नवरा अँटेनाची कांडी सूतभर खाली-वर करतो, लांब पळतो (जवळ माणूस असला तरी आकडा बदलतो म्हणे) आणि ओरडतो, “दाब!”

मी माइकचं बटण दाबते.

“धर... धर... सोड! किती?”

“पावणेदोन!”

“एक पॉइंट सात की आठ?”

“पावणेदोन म्हणजे पावणेदोन!”

पहिल्या चॅनलवर आकडा जास्त आला तर कांडी आखूड. शेवटच्यावर जास्त आला तर लांब. लांब असली तर कापता येते. कापलेली परत चिकटत नाही, हे ज्ञान आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात गठ्ठ्याने उभं आहे.

टोपणनावाशिवाय सीबीवर शोभत नाही. नवऱ्याने ‘बाजीराव’ घेतलं. ट्रकवाल्यांना ते ‘बॅजर रो’ ऐकू येतं, आणि विस्कॉन्सिनला बॅजरचं राज्य म्हणतात, त्यामुळे जो तो त्याला तिकडच्या बर्फाची चौकशी करतो. मला त्याने मस्तानी सुचवलं होतं. मी काशीबाई घेतलं. घर कुणी सांभाळायचं?

त्यात सूर्यावर डाग वाढले की लहरी आकाशातून उसळी मारून शेकडो मैलांवर उतरतात. १५५.३ मैलांपलीकडे बोलायला बंदी होती, तीही २०१७ साली उठली. तेव्हापासून तळघरात अलाबामा स्वच्छ ऐकू येतं. “पानं वाढलीत” ऐकू येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. निवृत्त गणित शिक्षिका. आवाजाची चाचणी घ्यायला कुणीतरी सलग बोलत राहावं लागतं. मी पोळ्यांचं निमित्त काढून सटकले आणि माइक त्यांच्या हाती गेला. नवऱ्याने आवडता २३ चॅनलवाला सेट जोडला, नेमका १९वर, जिथे हायवेचे सगळे ट्रकवाले असतात. काय बोलू, म्हणाल्या. काहीही, म्हणाला. त्यांनी एकोणतिसाचा पाढा सुरू केला.

दोनशे नव्वदला श्वास घ्यायला बटण सोडलं, तर पलीकडून जाडाभरडा आवाज आला, “टेन-फोर!” म्हणजे कळलं, पोचलं. काय कळलं, ते त्यालाच ठाऊक. हे सासूबाईंना कोण सांगणार? उत्तर अर्धवट सोडलेला विद्यार्थी त्यांनी पस्तीस वर्षांत खपवून घेतला नव्हता. बटण दाबून, खणखणीत इंग्रजीत त्या म्हणाल्या, “फॉर्टी!”

“टेन-फोर,” तो म्हणाला.

“फॉर्टी!” सासूबाई.

क्षणभर खरखर. मग त्याने अदबीने कळवलं, ठीक आहे मॅडम, चाळीसवर भेटू, आणि तो चॅनल ४०वर निघून गेला. नवरा बटण फिरवू लागला. २१, २२, २३, आणि पुन्हा १.

“अरे, तो थांबलाय ना तिकडे,” सासूबाई म्हणाल्या, “लाव की लवकर!”