पाणी पंपवाल्याचं नाही, तुम्हीच ओतलेलं आहे

बाटलीत पेट्रोल घ्यायचं, त्यात पाणी घालून हलवायचं, खालचा थर वाढला की ओरडायचं, 'बघा, पेट्रोलमध्ये 20 टक्के पाणी!' हा व्हिडिओ आता घराघरात पोचलाय. त्यातला उपाय म्हणजे टाकीत पाव लिटर रॉकेल ओतणे. आमचे काका रॉकेल शोधायला निघाले, म्हणून हे लिहावं लागतंय.

पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. 50 मिली पेट्रोलमध्ये 50 मिली पाणी हलवलं की 10 मिली इथेनॉल पाण्यात उतरतं. वर साधारण 40, खाली जवळपास 60. इथेनॉल किती आहे हे असंच तपासतात! पेट्रोलमध्ये खरंच 20 टक्के पाणी असतं तर कोरड्या काचेच्या बाटलीत ते आपोआप तळाशी दिसलं असतं.

आणि रॉकेल? ते पाण्यात मिसळत नाही, म्हणजे पाणी असलंच तर तळाशी तसंच राहणार. शिवाय त्याचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, इतका कमी की इंजिन ठोकायला लागतं, प्लग काजळतो.

पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपू शकतं, हे मात्र खरं. मर्यादेबाहेर पाणी शिरलं की इथेनॉलही त्याच्यासोबत खाली बसतं, आणि गाडी इंधन ओढते तळातूनच. भरल्याभरल्या गाडी आचके देऊन बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, फिल्टर बदला, पावती जपा.

'ई20मुळे मायलेज 30 टक्के घटतं' हीसुद्धा थाप. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. 20 टक्के मिश्रणात घट येते साडेसहा टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाचा 2021चा आराखडाही ई20साठी न बनलेल्या चारचाकींना 6-7 आणि दुचाकींना 3-4 टक्के घट सांगतो. ही घट 'किरकोळ' म्हणून उडवून लावणाऱ्यांचाही राग येतो, पण 30 नाही म्हणजे नाही. उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे 2,860 लिटर पाणी लागतं, हेही त्याच आराखड्यात आहे. त्यावर व्हिडिओ कोणी काढत नाही.

ई20 भरलं की गाडीचा विमा रद्द होतो, ही निव्वळ अफवा.

जुनी कार्ब्युरेटरची दुचाकी असेल तर पेट्रोलचा पाइप, फ्लोट बाऊलची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीची) ओ-रिंग आणि पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं रबरी टोक तपासून घ्या. इथेनॉलने रबर फुगलं की सुई नीट बसत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. हे भाग स्वस्त आहेत, सर्व्हिसिंगच्या वेळीच बदलून टाका.