पहिली रेल्वे बोरीबंदरहून सुटली, आजच्या इमारतीतून नव्हे

‘देशातील पहिली प्रवासी रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या याच भव्य इमारतीतून सुटली’ असा मजकूर या इमारतीच्या छायाचित्रासह समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन १४ डब्यांची जी गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर ठाण्याकडे निघाली, ती बोरीबंदर येथील साध्या स्थानकातून निघाली होती. आजच्या इमारतीचे बांधकाम त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८७८ मध्ये, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, या इमारतीला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. जागा जवळपास तीच असल्यामुळे हा गोंधळ होत असावा.

‘२००४ मध्ये युनेस्कोने नाव बदलले’ हे त्याच मजकुरातील वाक्यही खरे नाही. त्या वर्षी वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नामांतर १९९६ मध्येच झाले होते आणि ‘महाराज’ हा शब्द २०१७ मध्ये जोडला गेला.

या रेल्वेच्या उभारणीसाठी झटलेल्या जगन्नाथ शंकरशेट यांचा त्या मजकुरात साधा उल्लेखही नाही, ही उणीव मला तारखांच्या चुकीपेक्षा अधिक खटकते. मजकूर पुढे पाठवलेल्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.