‘आजीच्या गोष्टी’ आणि टाकळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘नौपाडेकर’ यांस,

सप्रेम नमस्कार. टाकळ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री पावणेबाराला टाकलेली प्रतिक्रिया सकाळी चहाबरोबर वाचली. चहा तसाच राहिला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण ह्यांनी मागून डोकावून वाचलं आणि म्हणाले, "सोडून दे ना." मग मात्र सोडवेना.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. पहिल्या पावसानंतर उगवणारा टाकळा, ही आपली रानभाजी, पोट साफ करतो, त्याच्या बिया वाटून गजकर्णावर लावतात, साखरेवरही तो गुणकारी म्हणतात, आणि आपल्याकडे तो कुठेही फुकट मिळतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर नौपाडेकरांचं म्हणणं असं : आजीच्या गोष्टी सांगून लोकांना औषधोपचार शिकवू नयेत. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कडेचा टाकळा कितीही शिजवला तरी त्यातलं शिसं जात नाही. लेखातला तिसरा फोटो टाकळ्याचा नसून त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याचा आहे, आणि कासविंद्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. टाकळ्याचं ‘कॅसिया टोरा’ हे शास्त्रीय नाव जुनं झालं. आणि असलेच लेख वाचून त्यांच्या आईने साखरेच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या होत्या.

नावाचं तुमचं बरोबर आहे. १९८२ साली कॅसियामधल्या बऱ्याच वनस्पती सेना या प्रजातीत हलवल्या गेल्या, त्यात आपला टाकळाही गेला. आता तो सेना टोरा. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला कधी कमीपणा वाटला नाही, माझे जुने वाचक सांगतील.

आता ‘आजीच्या गोष्टी’.

गोष्टी? कोल्हा-करकोच्याच्या का? माझी आजी मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी पडवीत बसून टाकळा निवडायची तेव्हा ती गोष्ट सांगत नसे, काम करत असे. आणि काम करता करता शिकवत असे. देठ घ्यायचा नाही, फक्त पाला. पाला म्हणजेसुद्धा वरचा कोवळा, पोपटी. एक डहाळी ती माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जोड्या मोज." तीन जोड्या. टोकाकडे रुंद, गोलसर पानं, समोरासमोर तीन जोड्या. चौथी निघाली तर बाजूला टाक. दिवेलागणीला ती पानं मिटतात हे मला शाळेच्या पुस्तकात सापडलं नाही, आजीने परसात उभं करून दाखवलं. मिटलेल्या पानाचा टाकळा ती खुडायची नाही. त्याला शास्त्रीय कारण असेल-नसेल, पण अंधारात पाला खुडला तर त्यात काय काय येईल याची कल्पना फ्लॅटमध्ये राहून यायची नाही.

श्रावण लागला की तीच आजी टाकळ्याकडे ढुंकून बघायची नाही. "आता तो गुरांचासुद्धा नाही," म्हणायची. गुरं खरोखर तोंड लावत नाहीत त्याला, म्हणून तर गायरानावर नुसता माजतो. पोटुशी बाईला ती ही भाजी वाढत नसे. हे कुणी शिकवलं तिला? तुमच्या भाषेत बोलायचं तर टाकळ्यात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात, ज्या सोनामुखीने कोठा साफ होतो तिच्यातही याच गटातली. दोघी एकाच घरच्या. आजीला हा शब्द उच्चारता आला नसता, पण कुणाला किती वाढायचं हे तिला कळत होतं. तुम्हाला शब्द येतो. टाकळा कधी निवडलाय का हो?

आणि ही फक्त माझ्याच आजीची अक्कल असती तर मी गप्प बसले असते. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, त्याचं दुसरं नाव दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण, आणि ते घालवणारा तो दद्रुघ्न. म्हणजे नावातच उपयोग लिहून ठेवलाय. चीनमध्ये याच जातकुळीच्या बिया डोळ्यांसाठी काढ्यात घालतात. आपल्याकडे बिया भाजून, दळून कॉफीसारख्या उकळतात, मी स्वतः प्यायलेय, वाईट लागत नाही. तुमच्या घरी मांजर असेल तर तिच्या डब्यातल्या खाण्यावरचे घटक वाचा, कॅसिया गम सापडण्याची शक्यता आहे. तो डिंक याच बियांचा. युरोपात अन्नात घालायचा पदार्थ म्हणून त्याला ई ४२७ असा क्रमांक आहे. मांजराला चालतं, आजीने सांगितलं की पुरावा हवा!

पुरावाच हवा तर घ्या. टाकळ्याच्या बियांमधून बुरशीला मारणारा घटक वेगळा काढल्याचा शोधनिबंध १९७५ साली प्रसिद्ध झालाय. क्रायसोफॅनिक आम्लाचं एक रूप आहे ते. तो प्रयोग काचेच्या नळीत झाला, माणसाच्या कमरेवर नाही, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. कमरेवरचं मी सांगते.

१९९४ चा पावसाळा. आम्ही कळव्याला चाळीत. चार महिने कपडे वाळत नसत, स्टोव्हवर दोरी बांधून अर्धवट ओले तेच घालायचे. माझ्या कमरेला नाडीच्या जागी गजकर्ण उठलं. जवळच्याच एका डॉक्टरांनी, नाव घेत नाही, एक ट्यूब दिली. चार दिवसांत साफ! आठव्या दिवशी दुप्पट, आणि कडा लालभडक. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असणार हे मला खूप वर्षांनी कळलं. आज त्वचेचे डॉक्टरच ओरडून सांगतायत की असली मिश्रण-मलमं चोळून चोळून देशभर गजकर्ण हट्टी झालंय. हे विज्ञानच होतं ना, नौपाडेकर? तेव्हा आत्येसासूबाईंनी गावाहून टाकळ्याच्या बिया आणल्या, आंबट ताकात दोन दिवस भिजवल्या, पाट्यावर वाटल्या आणि रोज आंघोळीनंतर लेप लावला. आग व्हायची, वासाने ह्यांनी अंथरूण लांब घातलं होतं. एकवीस दिवस. गेलं ते गेलं, आजतागायत परत आलेलं नाही. हो, त्याच सुमारास दुसऱ्या एका डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, हे तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते, उगाच लपवाछपवी नको. पण ट्यूबचा तो अनुभव घेतल्यावर गोळ्यांना श्रेय द्यायला माझं मन तयार होत नाही.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. रस्त्याकडेचा टाकळा खा असं मी कुठे लिहिलंय? ‘सोसायटीच्या कुंपणाबाहेरसुद्धा उगवतो’ असं लिहिलं होतं. उगवतो म्हणजे खा असं नाही. आणि रुळांच्या कडेला सांडपाण्यावर पिकलेला पालक लोक निमूट खातात तेव्हा तुमचं शिसं कुठे जातं? मी टाकळा जांभळी नाक्यावर घेते. मुरबाड, शहापूरकडच्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात, पळसाच्या पानावर वाटे मांडून बसतात. २० रुपयांना एक वाटा. त्यात भाव करणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. गोळ्या बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ‘गुणकारी म्हणतात’ असं लिहिलंय. ‘म्हणतात’ हा शब्द वाचायचा राहिला असेल. रात्री पावणेबाराला वाचलं की होतं असं.

आणि खरं सांगू, मूळ लेखात औषधाच्या तीनच ओळी होत्या, बाकी सगळी पाककृती. त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाही, याचं जास्त वाईट वाटलं. पाला धुऊन बारीक चिरायचा. कढईत तेल, भरपूर ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, कांदा. कांदा गुलाबी झाला की भिजवलेली चण्याची डाळ, किंवा घरात उन्हाळ्यात ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या असतील तर त्या ठेचून. मग पाला. झाकण न ठेवता परतायचा, नाहीतर उग्र वास कोंडून राहतो. ढीगभर पाला बघता बघता मूठभर होतो. शेवटी ओलं खोबरं. किंचित कडसर, तुरट चव येते, बाहेर पाऊस आणि ताटात तांदळाची भाकरी असेल तर दुसरं काही लागत नाही. एकदा करून बघा, मग भांडू.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, एवढी विनंती. नौपाड्यात पुष्कळ सभ्य माणसं राहतात, उगाच सगळ्यांवर संशय जातो.

आपली,
लेखिका

ता. क. : तिसरा फोटो काढून टाकला आहे. काल रात्री मोठा करून बघितला. पानं टोकदार आहेत आणि जोड्या पाच भरल्या. तो वाटा त्या रविवारी नाक्यावर बाई मिळाली नाही म्हणून मीच खुडून आणला होता, कुठून ते आता महत्त्वाचं नाही. तुम्ही म्हणता ती मुलं बियांनी दगावली, आमच्याकडे नुसता पाला होता आणि तोही उकडून, पिळून घेतलेला. मला काही झालं नाही. ह्यांना दुपारनंतर चार-पाच वेळा जावं लागलं, पण सकाळी त्यांनी बाहेर मिसळ खाल्ली होती.