‘खाली बस’ म्हटल्यावर काय होते?

डी.एड. आणि बी.एड.च्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या वाट्याला जेमतेम एक तास येतो. पेटीतला उंदीर, कळ दाबणे, अन्नाची गोळी, धन प्रबलन (हवेसे काही मिळून कृती बळावणे) आणि ऋण प्रबलन (नकोसे काही टळून कृती बळावणे) यांतील फरक (तोही कित्येक मार्गदर्शकांत चुकीचा छापलेला असतो, कारण ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असे ठरवून लेखक मोकळे होतात), आणि शेवटी परीक्षेत येणारी टीप. हाच छात्राध्यापक पुढे वर्गावर उभा राहतो तेव्हा त्या तासातले एकच त्याच्यापाशी उरलेले असते: चांगले काम करणाऱ्याच्या वहीत चांदणी काढावी किंवा त्याला चॉकलेट द्यावे. अध्यापनात वर्तन विश्लेषणाचा, म्हणजे कृतीआधी आणि कृतीनंतर काय घडते ते मोजून वागणूक समजून घेणाऱ्या स्किनर यांच्या शास्त्राचा, उपयोग एवढाच असता, तर त्याला नाके मुरडणाऱ्यांशी मी वाद घातला नसता. माझे म्हणणे असे की या शास्त्राचा रोख आधी शिक्षकाकडे आहे. मूल काहीतरी करते आणि त्यानंतरच्या क्षणी त्याला आपल्याकडून काय मिळते, हे पाहा आणि मोजा, असे ते सांगते. मोजायला बसले की आपलीच वागणूक कागदावर येते, म्हणून आपण चांदण्यांवर भागवून नेतो.

उपयोजित वर्तन विश्लेषणाचे नियतकालिक अमेरिकेत १९६८ साली सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात व्हान्स हॉल व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कॅन्सस सिटीच्या गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल अभ्यास करत आहे की नाही, आणि शिक्षिकेचे त्याच्याकडे लक्ष गेले की नाही, याची नोंद निरीक्षक दर दहा सेकंदांना करत होता. ज्या मुलांविषयी तक्रार होती त्यांच्याकडे शिक्षिकेचे लक्ष जाई ते बहुतेक वेळा ती अभ्यास सोडून भलतेच काही करत असताना, असे त्या नोंदींत दिसले. मग क्रम बदलला. मूल अभ्यासाला लागले की निरीक्षक रंगीत कागदाचा एक लहानसा चौकोन मुलाच्या नकळत वर धरी. तो दिसताच शिक्षिका त्या मुलाच्या बाकाजवळ जाई, एखादा शब्द बोले, खांद्यावर हात ठेवी. अभ्यासाचा वेळ वाढला. इथे थांबले असते तर मूल सुधारले एवढेच कुणीही म्हटले असते. पण संशोधकांनी मधले काही दिवस शिक्षिकांना मुद्दाम जुन्या वळणावर जायला सांगितले, तसा अभ्यास पुन्हा घसरला. नवी पद्धत परत आणली, तसा तो पुन्हा सावरला. मुलाची बुद्धी, घरची परिस्थिती, आईवडिलांचे शिक्षण ही आपली नेहमीची कारणे सगळा वेळ जागच्या जागी होती. बाईंची नजर कोणत्या क्षणी वळते, एवढेच बदलत होते. मला त्या रंगीत कागदाचे फार अप्रूप वाटते, कारण शिकवण्याची खूण तिथे शिक्षिकेला दाखवली जात होती.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या वेस्ली बेकर यांच्या गटाने पहिलीच्या वर्गात याहून साधी गोष्ट तपासली. मुले जागेवरून उठतात म्हणून शिक्षिका ‘खाली बसा’ म्हणतात; हे त्यांनी अधिक वेळा म्हटले तर काय होईल? मुले अधिक वेळा उभी राहू लागली. म्हटल्याबरोबर ती बसत होती हे खरे, आणि फसगत नेमकी तिथेच होती, कारण प्रत्येक वेळी आपले बोलणे लागू पडल्याचा अनुभव शिक्षिकेला मिळत होता. उभे राहणे कमी झाले ते बसून काम करणाऱ्या मुलांचे कौतुक सुरू झाल्यावर. हे वाचून ‘आमच्याकडची मुले वेगळी’ असे म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहावे. सरावपाठांच्या निरीक्षणाला मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखते: मुलाचे नाव गोंगाटासाठी घेतले तर डावीकडे रेघ, कामासाठी घेतले तर उजवीकडे. डावा रकाना भरत जातो आणि उजव्यात चारदोन रेघा पडतात, त्याही पहिल्या बाकावरच्या त्याच दोघातिघांच्या नावाच्या. पाठ संपल्यावर मी ते पान छात्राध्यापकापुढे सरकवते. बहुतेकांना ते आपल्याच वर्गाचे आहे हे आधी पटत नाही.

शिक्षकाचे ओरडणे का सुटत नाही, याचेही उत्तर याच शास्त्रात आहे. वर्गात कलकलाट असतो, शिक्षक टेबलावर डस्टर आपटून ओरडतो आणि वर्ग क्षणात चिडीचूप होतो. नकोशी गोष्ट थांबली, म्हणून ती थांबवणारी कृती बळावली. ऋण प्रबलनाचे याहून चोख उदाहरण मला माहीत नाही, आणि इथे प्रबलन मिळाले आहे शिक्षकाला. पाच मिनिटांनी कलकलाट परत सुरू होतो, पण त्या वेळी ओरडणे निष्फळ ठरल्याचे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण पुन्हा ओरडले की पुन्हा शांतता मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण ज्या क्षणी छडी हातात यायची त्या क्षणी आता काय करायचे, हे आपण शिक्षकांना शिकवले नाही. छडी गेली आणि तिच्या जागी टोमणा आला.

गणिताकडे वळते, कारण स्किनर स्वतः शिक्षणाकडे वळले ते गणिताच्या तासामुळे. नोव्हेंबर १९५३ मध्ये ते मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून बसले होते. सगळ्या मुलांना एकाच गतीने चालावे लागते आणि सोडवलेले उदाहरण बरोबर आहे की चूक हे तिथल्या तिथे कळत नाही, हे दोन दोष त्यांना लगेच खटकले, आणि काही दिवसांतच त्यांनी उत्तर बरोबर की चूक ते लगेच दाखवणाऱ्या अध्यापन यंत्राचा पहिला नमुना तयार केला. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्यांनी ढोबळ हिशेब मांडला: पहिल्या चार वर्षांत गणितात तरबेज होण्यासाठी मुलाला आपल्या कृतीचा परिणाम कळण्याचे सुमारे २५,००० प्रसंग लागतील, आणि शिक्षिका त्यांतले जेमतेम काही हजार देऊ शकते. यंत्रे अडगळीत गेली, आकडाही ढोबळच होता, पण तूट खरी आहे. आपल्याकडच्या हातच्याच्या वजाबाकीत ती रोज दिसते. ५२ वजा २७ या उदाहरणाचे उत्तर मूल ३५ लिहिते, कारण एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सरळ सातातून दोन वजा करते. गृहपाठात अशी दहा उदाहरणे असतात, वह्या शनिवारी गोळा होतात आणि लाल फुल्या मारून सोमवारी परत येतात. तोवर मुलाने चुकीच्या रीतीचा दहा वेळा मनापासून सराव केलेला असतो आणि ‘गृहपाठ पूर्ण केला’ म्हणून त्याला शाबासकीही मिळालेली असते. वर्तन विश्लेषण जाणणारा शिक्षक इथे काम तोडून पाहील. आधी उत्तर मागणारच नाही. फळ्यावर एकापाठोपाठ उदाहरणे लिहून ‘हातचा लागेल की नाही?’ एवढेच विचारील, आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर की चूक ते सांगेल. मुलाचा गोंधळ त्या एका पायरीवर आहे, तर सराव त्या पायरीचाच व्हायला हवा.

मोजण्याची आपल्याला सवय नाही असेही नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहून थकले आहेत. पण ‘सुंदर व टापटीप लेखन करतो’ ही नोंद तयार पुस्तिकेतून उतरवता येते, आणि पुष्कळदा तशीच उतरवली जाते, कारण ती रजिस्टरसाठी असते. तिच्यावरून उद्याचा पाठ बदलणार नसतो. स्किनर यांचे विद्यार्थी ऑग्डेन लिंड्स्ली यांनी मुलांच्याच हातात तक्ता दिला: मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, किती चुकले, एवढे दोन आकडे रोज. रेघ वर चढत नसेल तर दोष शिकवण्यात शोधायचा, असा त्यांचा दंडक होता. आमच्या रजिस्टरात रेघच नसते.

आक्षेपांबद्दल थोडे लिहायला हवे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग नेहमी पुढे केला जातो: ज्यांना चित्रे काढायला आधीपासून आवडत होते त्यांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवून चित्रे काढायला लावली, आणि पुढे मोकळ्या वेळेत ती मुले चित्रांकडे कमी वळू लागली. प्रयोग मला मान्य आहे. आवड जिथे आधीच आहे तिथे बक्षीस नेऊच नये, हा त्यावरून निघणारा नियम चांदण्या वाटणाऱ्यांनी अवश्य पाळावा. बाईंनी थांबून वही पाहणे किंवा उत्तर बरोबर आल्याचे तिथेच कळणे यांना तो लागू होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या शहरांत हे शास्त्र पुष्कळ पालकांना पहिल्यांदा भेटते ते स्वमग्न मुलांच्या उपचार केंद्रात, आणि या उपचारांच्या सुरुवातीच्या काळात मुलांना शिक्षा दिल्या गेल्या, हे दप्तरी नोंदलेले आहे. मूल डोळ्याला डोळा देऊन बोलते का, शांत बसते का, याचेच लक्ष्य का ठरवता, असे आज प्रौढ झालेल्या स्वमग्न व्यक्ती विचारतात, आणि तो प्रश्न आपल्या नेहमीच्या वर्गांनाही विचारायला हवा. गप्प बसलेले मूल शिकत आहे असे समजणे सोयीचे आहे, म्हणून आपण गप्प बसणे हेच ध्येय करून टाकतो. वर्तन विश्लेषकांनीही हे पाप कमी केलेले नाही. अभ्यासाची ॲप तर सलग किती दिवस ॲप उघडले याचे बक्षीस देतात, त्यामुळे बळावते ते ॲप उघडणे.

राहता राहिला पटाचा प्रश्न, जो प्रत्येक प्रशिक्षणात हमखास येतो: पंचेचाळीस मुलांना तत्काळ प्रतिसाद एकटा शिक्षक कसा देणार? हात वर करायला लावून एकाला विचारले की चव्वेचाळीस जणांना त्या प्रश्नावर काहीच करावे लागत नाही, हे आधी मान्य करू. सगळ्यांनी उत्तर लिहून एकदम वर धरायचे, या पद्धतीवर अमेरिकेत १९९० च्या दशकात बरेच संशोधन झाले आणि त्यासाठी पुसता येणारी पांढरी पाने वापरली गेली. आपल्याकडे त्यासाठी पाटी होती. प्रश्न विचारावा, दहा सेकंद थांबावे, ‘पाट्या वर’ म्हणावे. पंचेचाळीस उत्तरे दोनतीन सेकंदांत नजरेखालून जातात, कोणत्या रांगेत हातचा विसरला तेही दिसते, आणि बरोबर उत्तर तिथेच सांगितले की प्रत्येकाला आपली पाटी पुसायची की ठेवायची ते कळते. तिसरीच्या वर बहुतेक शाळांतून पाटी हद्दपार झाली आहे आणि भिंतीवर डिजिटल फळा आला आहे. त्या फळ्यावर एका वेळी एकच मूल लिहू शकते.