अहवाल नंतर वाचू, आधी गटाराचं झाकण उघडा

अन्नप्रक्रिया कारखान्यांत मी बरीच वर्षं क्वालिटीत काढली. एखादा कारखाना समाजाशी किती जबाबदारीने वागतो हे बघायचं झालं, तर मी आधी मागच्या बाजूला जाते. धुण्याचं पाणी ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे, जातं तिथे.

चीजचंच घ्या. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं आणि जवळपास नऊ लिटर व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर निथळणारं पाणी, उरतं. या पाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजताना किती ऑक्सिजन खातं त्याचं माप, लिटरला ३०,००० मिलिग्रॅमच्या वर जातं. घरगुती सांडपाण्याचं २००-३०० असतं. म्हणजे एक लिटर व्हे ओढ्यात सोडलं तर शंभर लिटर सांडपाणी सोडल्यासारखं. त्यात विष काही नसतं, मासे गुदमरून मरतात. आणि हेच व्हे गाळून सुकवलं की प्रोटीन पावडर म्हणून चांगल्या भावाने विकलं जातं! गटारात जातो तो आपणच पैसे मोजून आणलेला माल असतो, हे मालकांना कळायला इतकी वर्षं का लागावीत?

मी होते त्या एका कारखान्यात शिफ्ट संपली की बेल्टला चिकटलेला गर थेट पाइप मारून धुवायचे. नव्या सुपरवायझरने सांगितलं, आधी वायपरने खरवडून डब्यात भरा, मगच पाणी. रोज पंधरा मिनिटं जास्त जायची, कुरकुर झाली. पण आठवड्याभरात ईटीपीवरचे काका स्वतः येऊन विचारून गेले, "मॅडम, लाइन बंद आहे का?"

त्याच कारखान्यातल्या धुलाईच्या बायकांचे हात मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. क्लोरीनच्या पाण्याने पांढरी पडलेली, नखांशी चिरलेली बोटं. हातमोजे फाटले की उत्तर ठरलेलं: या महिन्याचे संपले. त्याच महिन्यात वृक्षारोपण झालं, फोटो कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. झाडं लावायला माझा अजिबात विरोध नाही. पण चिरलेल्या बोटात स्टॅफिलोकॉकस नावाचा जीवाणू वाढतो, तो अन्नात उतरला तर त्याचं विष उकळूनही जात नाही. कामगाराचा हात आणि खाणाऱ्याचं पोट इतकं जवळ आहे, ते वेगवेगळ्या खात्यांत कसं टाकता येईल?

सामाजिक जबाबदारीवरचं आयएसओ २६००० हे मानक २०१० साली आलं. ते फक्त मार्गदर्शन आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. मला हे फार योग्य वाटतं, कारण भिंतीवर टांगायला काही मिळत नाही, काम तेवढं करावं लागतं.

माझी मागणी साधी आहे. किलोमागे पाणी किती लागलं, गटारात किती माल गेला, किती जणांना इजा झाली, हे आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. आमच्याकडे हातमोज्यांचा हिशेब स्टोअरच्या एका वहीत असायचा. अहवाल करताना ती वही कुणी कधी मागितली नाही.